टीएमटीमध्ये सगळी गुणोत्तरं १ जवळच का येतात? द्राक्षपानांच्या सॅम्पलवर दोष शोधताना

तक्रार साधारण अशी असते. डावणी (डाउनी मिल्ड्यू) रोग लागलेल्या आणि निरोगी द्राक्षपानांतलं प्रोटीन काढलं, ट्रिप्सिनने पेप्टाइडांत तोडलं, टीएमटीचं (टँडम मास टॅग, प्रत्येक सॅम्पलमधल्या पेप्टाइडांवर लावायची रासायनिक खूण) दहा चॅनलचं लेबल लावलं आणि मुंबईच्या किंवा पुण्याच्या केंद्रात मास स्पेकवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) चालवून आणलं. एक्सेलमध्ये काही हजार प्रोटीन आली, रिप्लिकेट एकमेकांशी छान जुळतात, पण बाधित आणि निरोगी पानांच्या गुणोत्तरांचा जवळपास सगळा पसारा ०.८ ते १.३ मध्ये अडकलेला. कायटिनेज, बीटा-१,३-ग्लुकनेज, स्टिल्बीन सिन्थेज ही रोगाला तोंड देताना वाढणारी प्रोटीन, तीसुद्धा जेमतेम दीडपट. पानाखालचा पांढरा थर डोळ्यांना दिसतो, आरटी-पीसीआर (आरएनए मोजणारी चाचणी) भरपूर वाढ दाखवतं, आणि प्रोटीनच्या तक्त्यात मात्र काही घडलेलंच नाही.

गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस झाला की दिंडोरी-निफाड पट्ट्यात डावणी येते, तेव्हा पानं गोळा होतात. निकाल हाती येईपर्यंत बागांची काढणी सुरू झालेली असते आणि नवी पानं मिळायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. म्हणून सपाट तक्ता पाहून ‘डावणीमुळे पानांतल्या प्रोटीनमध्ये विशेष फरक पडत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. कृपा करून तसं लिहू नका. आपली मोजणी फरक किती दाबते हे माहीत नसेल, तर ‘फरक नाही’ म्हणायला काहीच आधार नसतो. आणि ती किती दाबते हे काढायची सोय डावणीच्या सॅम्पलमध्येच आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

गुणोत्तर दबतं कसं

टीएमटी २००३ मध्ये आलं, त्याच तत्त्वावरचं आयट्रॅक २००४ मध्ये. दहाही लेबलांचं वजन सारखंच, पेप्टाइडवर २२९.१६ डाल्टन चढवणारं. फरक इतकाच, की जड कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ प्रत्येक लेबलात वेगळ्या जागी बसवलेले असतात. त्यामुळे दहा सॅम्पलमधलं एकच पेप्टाइड पहिल्या स्कॅनमध्ये एकच शिखर देतं. ते फोडलं की १२६ ते १३१ दरम्यान दहा रिपोर्टर आयन सुटतात आणि प्रत्येकाची उंची त्या सॅम्पलमधलं प्रमाण सांगते.

अडचण ‘फोडलं’ इथे आहे. मशीन एक पेप्टाइड निवडतं म्हणजे खरं तर एम/झेडची (वजन भागिले विद्युतभार) एक अरुंद खिडकी निवडतं. त्या आयसोलेशन विंडोत शेजारची दुसरी पेप्टाइडंही शिरतात, तीही फुटतात आणि तेच १२६ ते १३१ चे आयन देतात. १२७ च्या शिखरातला किती भाग कुणाचा, हे त्या शिखराकडे पाहून कळायला मार्ग नसतो. पेशीतली बहुतेक प्रोटीन बदलत नाहीत, म्हणून ही भेसळ सगळ्या चॅनलमध्ये साधारण सारखी पडते.

आकडे घालून पाहा. बाधित पानात १० आणि निरोगी पानात १, हे खरं गुणोत्तर. दोन्ही चॅनलमध्ये भेसळीचा १-१ मिळवा: ११ भागिले २, म्हणजे ५.५. एकूण सिग्नलमध्ये भेसळ फक्त १५ टक्के, आणि दहापटीचं साडेपाचपट झालं. भेसळ २-२ झाली की १२ भागिले ३, म्हणजे ४. लासलगावला भुईकाट्यावर ट्रॅक्टरसकट कांदा मोजला आणि रिकामा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर घेतलाच नाही, तर भरलेली ट्रॉली आणि जवळपास रिकामी ट्रॉली यांच्या वजनातला फरक असाच पुसट होईल.

पानांच्या सॅम्पलमध्ये हा त्रास जास्त, कारण पानाच्या विद्राव्य प्रोटीनमध्ये रुबिस्को हे प्रकाशसंश्लेषणातलं एन्झाइम एकटंच निम्म्यापर्यंत असू शकतं. त्याची पेप्टाइडं आणि त्यांचे अर्धवट तुटलेले तुकडे सगळ्या रनभर पसरलेले असतात. कायटिनेजचं एखादं मिणमिणतं पेप्टाइड निवडलं गेलं, तर शेजारी रुबिस्कोचं काहीतरी असण्याची शक्यता बरीच असते.

‘मग सायलॅक का नाही?’ हा प्रश्न नेहमी येतो. २००२ च्या त्या पद्धतीत जड लायसिन-आर्जिनिन पेशींना खाऊ घालतात आणि हलकं-जड गुणोत्तर पहिल्याच स्कॅनमध्ये मोजतात, म्हणून ही विशिष्ट भेसळ तिथे येत नाही. पण वेल आपली अमिनो आम्लं स्वतः बनवतो, बाहेरून दिलेली पुरेशी उचलत नाही, आणि बागेतल्या वेलाला जड नायट्रोजनवर वाढवणं परवडणारंही नाही. बागेतून तोडून आणलेल्या पानासाठी नंतर लावायचं रासायनिक लेबलच उरतं.

डावणीच्या सॅम्पलमध्ये फुकट मिळणारं शून्य

डावणी घडवणारा प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा बाहेरचा जीव आहे. त्याची स्वतःची प्रोटीन बाधित पानात असणार, निरोगी पानात नसणार. म्हणजे निरोगी चॅनलमध्ये त्याच्या पेप्टाइडचा रिपोर्टर सिग्नल शून्य यायला हवा. तो जितका येईल, तितकी तुमच्या मोजणीतली भेसळ. यीस्टची तीन जनुकं वेगवेगळ्या वाणांतून काढून टाकून बनवलेलं टीएमटीचं प्रमाण-मिश्रण याच विचारावर चालतं. जिथे जनुकच नाही, तिथे सिग्नल दिसला तर तो उसना. आपल्याकडे ते रोगानेच करून दिलं आहे.

करायचं असं. सर्च करताना द्राक्षाच्या डेटाबेसला प्लाझ्मोपाराचा प्रोटीनसंच जोडा, नेहमीची ट्रिप्सिन-केराटिनची यादीही ठेवा. दोन्ही जीवांत सारखी येणारी पेप्टाइडं गाळा. ॲक्टिन, ट्युब्युलिन, हिस्टोन इथे ही गल्लत हमखास होते. उरलेल्या प्लाझ्मोपारा पेप्टाइडांसाठी निरोगी चॅनलची सरासरी भागिले बाधित चॅनलची सरासरी काढा. नॉर्मलायझेशन अजून लावायचं नाही, कच्चा सिग्नल घ्यायचा.

समजा बाधितमध्ये १०० आणि निरोगीमध्ये २० आलं. याचा अर्थ, खरं गुणोत्तर अनंत असतानाही तुमची मोजणी ५ च्या वर जाऊ शकत नाही. त्याच भेसळीत खरी दहापट वाढ कशी दिसेल? बाधितमध्ये ८० खरे अधिक २०, निरोगीमध्ये ८ खरे अधिक २०, म्हणजे १०० भागिले २८, साधारण ३.६. आता तुमच्या तक्त्यातलं दीडपट कायटिनेज वेगळं दिसायला लागेल.

दोन गोष्टी सांभाळा. प्लाझ्मोपाराची पेप्टाइडं बहुधा क्षीण असतात, आणि क्षीण पेप्टाइडांवर भेसळ सगळ्यात जास्त, म्हणून ही मर्यादा थोडी निराशावादी असते. ठळक प्रोटीनसाठी परिस्थिती बरी असेल. दुसरं, ‘निरोगी’ पान खरंच निरोगी हवं. त्याच बागेतलं, डाग न दिसणारं पान हे निरोगी नव्हे. लागण होऊन लक्षणं यायला काही दिवस जातात. शक्य असेल तर कुंडीतली रोपं शेडनेटमध्ये ठेवून अर्ध्यांवर बीजाणूंचं पाणी आणि अर्ध्यांवर साधं पाणी फवारा.

पानाचाच विषय आहे तर हेही लिहितो. बागेतून तोडलेली पानं पिशवीत घालून दुपारच्या उन्हातून शहरापर्यंत आणली, तर दोन्ही गटांत जखमेचे आणि उष्णतेच्या ताणाचे प्रतिसाद सुरू होतात आणि खराखुरा फरक बुजू लागतो. तो मशीनचा दोष नसतो आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो भरून काढत नाही. द्रव नायट्रोजन बागेतच न्या. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो ग्रामीण भागातही पोचतो, त्यामुळे मिळणं अवघड नाही.

मशीनला दोष देण्याआधी

वरच्या तपासणीत निरोगी चॅनलमधला सिग्नल जास्त आला, तर दोन शक्यता असतात: मशीनमधली भेसळ किंवा लेबलिंग करतानाची सरमिसळ. दुसरी आधी निकालात काढा, ती आपल्या टेबलावर तपासता येते.

टीएमटीचा एनएचएस एस्टर (लेबलाचा पेप्टाइडाला चिकटणारा भाग) मोकळ्या अमाइनवर बसतो. बफरमध्येच अमाइन असेल तर तो तिथेच खर्ची पडतो. ट्रिस, ग्लायसिन, अमोनियम बायकार्बोनेट यांपैकी काहीही मागे राहिलेलं चालत नाही; टीईएबी किंवा हेपिस वापरा, पीएच ८.५. आणि पीएच गृहीत धरू नका. सी-१८ कॉलमवरून काढलेल्या पेप्टाइडांत ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल उरतं, व्हॅक्युममध्ये सुकवल्यावरही थोडं राहतं, आणि १०० मिलिमोलर टीईएबी ते सगळं पेलू शकेलच असं नाही. लेबल घालण्याआधी प्रत्येक नळीतला एक मायक्रोलिटर पीएच-पट्टीवर टेका. पट्टी ७ दाखवत असेल तर त्या नळीत लेबल अर्धवट बसणार, हे तिथल्या तिथे कळतं. एक पट्टी, दहा ठिपके, पाच मिनिटांचं काम, पण महागडं किट वाचतं.

ओलावा हा दुसरा शत्रू. एनएचएस एस्टर पाण्याने मोडतो. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उणे २० अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली, तर आतल्या थंड काचेवर दव धरतं आणि ०.८ मिलिग्रॅम अभिकारकाला तेवढं पाणी पुरेसं होतं. कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ॲसिटोनायट्राइल निर्जल हवं, आणि ‘निर्जल’ लिहिलेली पण गेल्या वर्षी फोडलेली बाटली ही निर्जल नव्हे.

अर्धवट लेबलिंगने गुणोत्तर दबतं कसं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नुसतं लेबल कमी बसलं तर त्या चॅनलचा सिग्नल कमी होतो, एवढंच. पण हायड्रॉक्सिलअमाइनने उरलेला अभिकारक नीट मारला नाही आणि तशाच नळ्या एकत्र केल्या, तर एका नळीतलं जिवंत लेबल दुसऱ्या नळीतल्या मोकळ्या पेप्टाइडावर जाऊन बसतं. निरोगी पानाचं लेबल बाधित पानाच्या पेप्टाइडावर चढलं, की तक्त्यात ते पेप्टाइड निरोगी पानातलं म्हणून मोजलं जाणार. हे नंतर सुधारता येत नाही.

यावर उपाय असा, की प्रत्येक नळीतून सुमारे एक मायक्रोग्रॅम काढून तेवढाच भाग क्वेंच करा (हायड्रॉक्सिलअमाइनने अभिकारक मारा), एकत्र करून एक छोटा रन घ्या आणि मुख्य नळ्या क्वेंच न करता उणे ८० अंशांवर ठेवा. सर्चमध्ये टीएमटी एन-टोकावर आणि लायसिनवर ‘असेल किंवा नसेल’ अशा बदलाच्या रूपात द्या. लेबल बसलेलं प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास हवं. कमी असेल तर त्या नळीत आणखी अभिकारक घालायला वेळ अजून गेलेली नसते. याच रनमध्ये प्रत्येक चॅनलच्या सिग्नलची बेरीजही मिळते, तिच्यावरून मुख्य मिश्रणात कुठलं सॅम्पल किती घ्यायचं ते ठरवा.

ही बेरीज द्राक्षासाठी विशेष महत्त्वाची आहे. द्राक्षपानांत पॉलिफेनॉल भरपूर असतात आणि प्रोटीनचं प्रमाण मोजणारी बीसीए चाचणी त्यांनाही प्रोटीन समजून रंग देते. बाधित पानात फेनॉल वाढलेले असतील तर चाचणी प्रोटीन जास्त दाखवते आणि प्रत्यक्षात तुम्ही कमी प्रोटीन घेता. फिनॉल वापरून प्रोटीन काढणं, मिथेनॉल-अमोनियम ॲसिटेटमध्ये ते खाली बसवणं आणि एका जेलवर सगळे सॅम्पल शेजारी-शेजारी चालवून डोळ्यांनी पाहणं, एवढं केलं तर बीसीएच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

केंद्राला काय विचारायचं

सॅम्पल दिले आणि एक्सेल घेतलं, असं करू नका. रॉ फाइल मागून घ्या आणि रनच्या सेटिंग विचारा. पहिला प्रश्न आयसोलेशन विंडो किती होती. २ एम/झेड असेल तर ती ०.७ वर आणता येते का पाहा. भेसळ बरीच कमी होते, संवेदनशीलता थोडी जाते, आणि माझ्या मते हा सौदा घ्यावाच.

दुसरा प्रश्न मोजणी एमएस२ वर (पेप्टाइड एकदाच फोडून) झाली की एमएस३ वर. एमएस३ मध्ये एकदा फोडलेल्या पेप्टाइडाचे निवडक तुकडे पुन्हा फोडून रिपोर्टर मोजतात. भेसळीतल्या पेप्टाइडाचे तुकडे वेगळ्या वजनाचे असल्याने ते बहुतांशी बाहेर राहतात. २०११ मध्ये हे दाखवलं गेलं आणि गुणोत्तर दबण्यावर आजही हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. मात्र त्याला ट्रायब्रिड (तीन विश्लेषक असलेलं) मशीन लागतं आणि वेग कमी झाल्याने प्रोटीनची संख्या घटते. आठ हजार दबलेल्या आकड्यांपेक्षा पाच हजार खरे आकडे बरे, असं मला ठामपणे वाटतं.

ते मशीन उपलब्ध नसेल तर फ्रॅक्शनेशन वाढवा. उच्च पीएचवर पेप्टाइडं वेगळी करून, एकमेकांपासून दूरची फ्रॅक्शन जोडून बारा किंवा चोवीस रन घेतले, की एका वेळी मशीनसमोर कमी गर्दी येते. खर्च वाढतो, पण पूर्ण प्रयोग पुन्हा करण्यापेक्षा कमीच.

रिझोल्यूशनही विचारा. १२७ एन आणि १२७ सी (एकात जड नायट्रोजन, दुसऱ्यात जड कार्बन) यांच्यात फक्त ०.००६३ डाल्टनचा फरक आहे. एम/झेड २०० ला ४५,००० ते ५०,००० रिझोल्यूशन नसेल तर ही दोन शिखरं एकमेकांत मिसळतात. चॅनलची मांडणी ठरवताना हे डोक्यात असू द्या. लेबलांच्या समस्थानिक अशुद्धीमुळे सिग्नल मुख्यतः त्याच मालिकेतल्या शेजाऱ्याकडे गळतो: १२६ चा १२७ सी मध्ये, १२७ एन चा १२८ एन मध्ये. शून्य तपासायचं असेल तर बाधित पानं १२६ आणि सी मालिकेत, निरोगी पानं एन मालिकेत ठेवली की ही गळती गटाच्या आतच राहते. पण या मांडणीत रिझोल्यूशन कमी पडलं तर दोन्ही गट थेट एकमेकांत मिसळतील, म्हणून आधी खात्री, मग मांडणी. किटच्या लॉटबरोबर येणारा अशुद्धीचा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरायचाच, आणि तो त्याच लॉटचा हवा.

तक्ता हातात आहे, प्रयोग पुन्हा करता येत नाही

असं असेल तरी बरंच वाचवता येतं. प्रोटिओम डिस्कव्हरर या सॉफ्टवेअरमध्ये को-आयसोलेशनची (भेसळीच्या टक्क्यांची) मर्यादा कडक करा. मॅक्सक्वांट या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम पीआयएफ (खिडकीतल्या सिग्नलमधला निवडलेल्या पेप्टाइडाचा वाटा) करतं, ते ०.७५ च्या आसपास ठेवा. सरासरी सिग्नल-टू-नॉइज १० पेक्षा कमी असलेले स्पेक्ट्रम टाका. मग प्लाझ्मोपाराचं शून्य पुन्हा मोजा. निरोगी चॅनलमधला सिग्नल उतरला तर गाळणी काम करते आहे. उतरलाच नाही तर भेसळ नॉइजखाली दडलेल्या पेप्टाइडांची आहे किंवा दोष लेबलिंगचा आहे.

‘किमान दुप्पट’ ही चाळणी आरएनएच्या कामातून आलेली आहे, ती एमएस२-टीएमटीला लावू नका. दबलेल्या गुणोत्तराची दिशा बहुतेक वेळा बरोबर असते आणि टीएमटीत रिप्लिकेटमधली तफावत कमी असल्याने १.३ पटीचा फरकही संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकू शकतो. पी-व्हॅल्यू अनेक चाचण्यांसाठी सुधारून घ्या, दिशेवर बोला, आणि ‘कायटिनेज १.५ पट वाढलं’ ऐवजी ‘किमान १.५ पट वाढलं, मोजणीची कमाल मर्यादा ५’ असं लिहा. परीक्षकही याला हरकत घेणार नाही, उलट त्याला मर्यादा कळेल.

नॉर्मलायझेशनमध्ये एक सापळा आहे. सगळ्या चॅनलचा मध्यक सारखा करताना प्लाझ्मोपाराची प्रोटीन त्यात धरली, तर बाधित चॅनल उगाच खाली ओढले जातात. आधी फक्त द्राक्षाची प्रोटीन घेऊन गुणक काढा आणि तोच गुणक सगळ्यांना लावा. बाधित पानात रुबिस्को घटलं असेल तर एकूण सिग्नलची बेरीज सारखी करण्याऐवजी मध्यक वापरणं जास्त सुरक्षित, कारण एकट्या रुबिस्कोच्या वजनाने बेरीज हलते.

प्लाझ्मोपारा नसलेल्या प्रयोगांत, म्हणजे पाण्याचा ताण, जिबरेलिक आम्ल, थंडी अशा विषयांत, शून्य फुकट मिळत नाही. तिथे एक वेगळा छोटा रन लावा. सगळ्या चॅनलमध्ये द्राक्षपानाची सारखीच पेप्टाइडं घ्या आणि त्यात यीस्टची पेप्टाइडं १०, ४ आणि १ या प्रमाणात घाला. यीस्ट रात्रभर वाढवलेलं, धुतलेलं साधं सॅकरोमायसिस चालतं, कारण प्रमाण तुम्ही पिपेटने ठरवता. यीस्टचं १० ला १ जितकं येईल, तितका तुमच्या मोजणीचा दाब. मशीन किंवा सेटिंग बदलली की हा रन पुन्हा लावायचा.

आणि ज्या चार-पाच प्रोटीनवर तुमचा सगळा निष्कर्ष उभा आहे, त्यांच्यासाठी टीएमटीच्या आकड्यावर थांबू नका. त्यांची जड समस्थानिकांची कृत्रिम पेप्टाइडं मागवा, मूळ सॅम्पलमध्ये ठरावीक प्रमाणात घाला आणि पीआरएमने (ठरवलेल्या पेप्टाइडांचेच तुकडे मोजण्याच्या पद्धतीने) मोजा. तिथे हलक्या आणि जड पेप्टाइडाचे तुकडे वेगवेगळ्या वजनाचे असतात, एकाच वेळी कॉलममधून उतरतात, आणि एखाद्या तुकड्यात भेसळ असेल तर तो बाकीच्या तुकड्यांशी जुळत नाही म्हणून पकडला जातो. यासाठी लेबल न लावलेलं थोडं सॅम्पल प्रत्येक नळीतून आधीच बाजूला काढून उणे ८० ला ठेवलेलं हवं.